पहिलीच्या लेकरांना त्यांच्या घरची सकाळ पुस्तकात दिसू द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त लेकरांचे आईवडील ऊसतोडीला जातात, दिवाळी झाली की गाड्या भरतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास माघारी येतात. हे तुम्हाला माहीत आहेच. मला आज बोलायचंय ते चित्रांच्या पुस्तकांबद्दल, म्हणजे ती "सकाळी उठलो, दात घासले, शाळेत गेलो" टाईपची १६-२० पानांची पुस्तकं असतात ना, त्यांच्याबद्दल.

वरवर बघितलं तर ती फारच साधी वाटतात, पण वाचायला शिकणाऱ्या लेकरासाठी त्यांच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. कारण उठल्यावर काय, मग आंघोळ, मग खाणं, मग शाळा हा क्रम लेकराला आधीच पाठ असतो. त्यामुळे चित्र बघून पुढच्या ओळीत काय असणार हे ते ओळखतं, आणि ओळखलेला शब्द अक्षरांशी जुळवून बघतं, तिथेच वाचन सुरू होतं. पण क्रमच अनोळखी असला तर? माझ्याकडच्या एका पुस्तकात बाबा बॅग घेऊन ऑफिसला जातात, आई डबा भरते, दारात पिवळी बस येते. पहिलीतली एक मुलगी ते पुस्तक बराच वेळ बघत बसली आणि मला म्हणाली, "बाई, ह्यांच्या घरी पाणी कोण भरतं?" कारण तिच्या घरी ती भरते. तिला अक्षरं तर नवीन होतीच, वर पुस्तकातलं घरही नवीन, मग अंदाज बांधायचा तरी कशावरून?

मग आम्ही वर्गातच एक पुस्तक केलं. कार्डशीटची आठ पानं, चित्रं लेकरांची, वाक्यं त्यांनी सांगायची आणि मी लिहायची. पहिल्या पानावर अंधार आणि चूल. दुसऱ्यावर आई भाकरी थापते. मग कोयता घेतलेले वडील, मग ट्रॅक्टरचे दिवे, मग उसाच्या पाचटावर गोधडीत झोपलेलं बारकं भावंड आणि त्याच्याजवळ बसलेली बहीण, मग उसाची मोळी. शेवटच्या दोन पानांवर शाळा, खिचडीची रांग आणि प्रार्थना. साहेब, ते पुस्तक दोन महिन्यांत फाटलं, मी सेलोटेप लावली, परत फाटलं, परत लावली. ज्या पोराला "क" नीट ओळखता येत नव्हता तो "कोपी" (ऊसतोडीवरची झोपडी) आणि "कोयता" बोट ठेवून वाचायला लागला. आणि विकतची पुस्तकं? ती नवीकोरी आहेत. हे सांगताना वाईट वाटतं, पण खरं आहे.

ती नवीकोरी राहण्याचं अजून एक कारण आहे आणि ते सगळ्या शिक्षकांना माहीत आहे. पुस्तक आलं की डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या वहीत, नोंद होते. बदली झाली की चार्ज देताना एकेक पुस्तक मोजून द्यावं लागतं, फाटलेलं निघालं तर निर्लेखनाची, म्हणजे ते नोंदीतून काढायची भानगड, हरवलं तर वसुलीची भीती. माझ्या आधीच्या एका शाळेत मला स्पष्ट सांगितलं होतं की पुस्तकं कपाटातच ठेवा, तपासणीला दाखवायला लागतात. सहा वर्षांचं लेकरू पुस्तक हाताळणार म्हणजे ते चुरगळणार, त्यावर भाजीचा डाग पडणार, एखादं पान निघणारच. म्हणून माझी पहिली विनंती हीच आहे, की पहिली-दुसरीची चित्रपुस्तकं खडूसारखी वापरून संपणारी वस्तू धरा, तसा जीआर काढा. मग बघा कपाटं उघडतात की नाही.

दुसरं म्हणजे बालभारती १९६७ पासून आपल्याकडे आहे, "किशोर" १९७१ पासून निघतंय, म्हणजे चित्रं काढणारी आणि लेकरांसाठी लिहिणारी माणसं जोडलेलीच आहेत. त्यांना आमच्या भागात पाठवा, कोपीवर पाठवा, मेळघाटात पाठवा, कोळीवाड्यात पाठवा, तिथल्या लेकरांची सकाळ त्यांच्याच तोंडून ऐकून पुस्तकं करा. आमच्या तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा भाषा बोलतात, तर एका ओळीत त्यांची भाषा आणि खाली मराठी असं का नको? प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर २०१५ पासून गोष्टी खुल्या परवान्याने मोफत आहेत, मराठीतही भरपूर आहेत, मी वापरते, पण मोबाईल एक आणि लेकरं तीस, त्यात रेंज नाही. कागद हातात लागतो.

केंद्राचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरी संपेस्तोवर प्रत्येक लेकराला समजून वाचता आलं पाहिजे असं ठरलं. पण माझ्या लेकरांचं वर्ष मधेच तुटतं. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीकडे, बाकीची आईबरोबर जातात. जाणाऱ्यांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, त्याच्याबरोबर तीन चित्रपुस्तकं द्यायची परवानगी द्या. परत आली तर आली, नाही आली तर कोपीवरच्या दुसऱ्या कुणी वाचली असतील.

२०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं सांगितलं, लेकरांची झोप होत नाही म्हणून. मला ते फार आवडलं होतं, कारण लेकराची सकाळ कशी असते याचा विचार मंत्रालयात झाला. तसाच अजून एकदा व्हावा म्हणून लिहितेय.

आमच्या गावातून गाड्या दिवाळीनंतर निघतील. जीआर त्याआधी आला तर यंदाच्या पिशवीत पुस्तकं जातील. आणि आमचं आठ पानांचं पुस्तक बघायचं असेल तर मी मुंबईला घेऊन येते, फक्त दोन दिवसांत परत द्या, लेकरं विचारतात.

आपली,
पहिली-दुसरीची एक शिक्षिका, बीड जिल्हा