'तू' आधी की 'केलंस' आधी?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला शैलीविज्ञानावरचा लेख वाचला. लेखकांचा व्यासंग मोठा, त्याबद्दल वाद नाही. पण जिनिव्हाच्या शार्ल बाली या भाषाशास्त्रज्ञाचा १९०९चा ग्रंथ येईपर्यंत जगात कोणी शैलीकडे नीट पाहिलंच नव्हतं आणि अरबांची बलागा, म्हणजे त्यांचं साहित्यशास्त्र, ही नुसती 'उपमा-रूपकांची यादी', हे त्यांनी ज्या झोकात उरकलंय त्यानं माझा सकाळचा चहा निवला.

यादी झाली ती नंतर. तेराव्या शतकात सक्काकी या पंडितानं आणि त्याच्यामागून कझवीनीनं या शास्त्राचे कप्पे पाडले, मग घोकंपट्टी आली. अब्दुल काहिर जुर्जानी त्याआधीचा, अकराव्या शतकातला. सुटा शब्द सुंदर नसतो, वाक्यात त्याची सोयरीक कोणाशी जुळते ते पाहा, असं तो बजावतो. याला त्याचा शब्द 'नज्म', म्हणजे शब्दांची गुंफण.

मला हे मस्कतच्या कचेरीत कळलं. रजिस्टरवर चहा सांडला होता. साहेब इजिप्तचे, रागावले की थेट ग्रांथिक अरबीत शिरायचे. 'अ अन्त फअल्त हाजा?' म्हणजे 'तू केलंस का हे?', 'अन्त' म्हणजे तू, 'फअल्त' म्हणजे केलंस. मी आपलं गडबडून, 'काही झालेलं नाही साहेब.' रजिस्टरातून चहा ठिबकतोय! शेजारचा सुदानी कारकून हसून म्हणाला, 'अरे, "अन्त" आधी आलं, म्हणजे सांडलाय हे ठरलेलंच. कोणी, एवढंच विचारतायत. "अ फअल्त" म्हणाले असते तर झालं की नाही हा प्रश्न.' कुराणात मूर्ती फुटल्यावर लोक इब्राहिमला याच शब्दांत विचारतात आणि तोही 'या थोरल्या मूर्तीनं केलं' असं कर्त्याबद्दलच उत्तर देतो, हेही त्यानंच सांगितलं. पुढे जुर्जानीच्या 'दलाइलुल इजाज' या ग्रंथात हाच दाखला सापडला तेव्हा त्या कारकुनाला मनातल्या मनात सलाम केला.

आता जुर्जानी म्हणजेच बाली, असं मी म्हणत नाही. एकाला कुराणाचं अजोडपण सिद्ध करायचं होतं, दुसऱ्याला रोजच्या बोलण्यातला भाव पकडायचा होता. पण शब्दांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, हे सांगायला विसावं शतक उजाडावं लागलं नाही, इतकंच.

आणि हे तुमच्या उपसंपादकांना कोणीतरी सांगाच. सोसायटीतल्या आंब्याबद्दलच्या माझ्या गेल्या पत्रात मी लिहिलं होतं, 'झाड मी तोडलेलं नाही.' म्हणजे तोडलंय, पण दुसऱ्या कोणीतरी. आपण कृपाळूपणे छापलंत, 'मी झाड तोडलेलं नाही.' दुसऱ्या दिवशी जिन्यात सेक्रेटरी विचारतात, 'झाड नाही, मग काय, फांद्या तोडल्या का?' शब्द तेच, एकही गाळला नाही, याबद्दल आभार मानावेत की काय कळेना. तीन आठवडे मी खालमानेनं ये-जा करतोय.

जाता जाता : लेखात जुर्जानीला 'जॉर्डनचा' म्हटलंय. तो जुर्जानचा, म्हणजे आजच्या इराणातल्या गुरगानचा, कास्पियन समुद्राजवळचा. सोबत नकाशाही होता. त्यातही टिंब जॉर्डनवरच होतं.

– एक जुना वर्गणीदार, चिपळूण