पहिले अपील दिल्लीत, दुसरे कोल्हापुरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुन्ह्याच्या पैशातून घेतलेल्या मालमत्तांवर जप्ती आल्याच्या बातम्या आपल्या अंकात ठळकपणे येतात; मात्र त्या जप्तीविरुद्ध अपील कोठे आणि किती दिवसांत करायचे, हे ज्याच्यावर वेळ येते त्यालाही बहुधा ठाऊक नसते.

मी वकिली करतो. गेल्या महिन्यात हुपरीचे एक चांदी कारागीर माझ्याकडे आले. बँकेचे कर्ज काढून आणि रीतसर खरेदीखत नोंदवून त्यांनी घेतलेली सदनिका, विकणाऱ्यावर मनी लाँड्रिंगचा, म्हणजे गुन्ह्यातला पैसा वैध भासवण्याचा, आरोप झाल्यामुळे जप्त झाली होती. जप्ती कायम केल्याचा इंग्रजी आदेश त्यांच्या मुलाने वीजबिलांच्या फायलीत लावून ठेवला होता. पोचपावतीवरच्या तारखेपासून मोजले, तर ५२ दिवस उलटलेले.

२००२ च्या मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायद्यानुसार तात्पुरती जप्ती जास्तीत जास्त १८० दिवसांची असते. त्या अवधीत निर्णय प्राधिकरणाने ती कायम केली, तर आदेश हाती पडल्यापासून ४५ दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जावे लागते. दिवाणी दाव्याची वाट कायद्यानेच बंद केली आहे. सबळ कारण दाखवून विलंबमाफी मागता येते, आणि तोच अर्ज आम्ही आता तयार करीत आहोत. घर उद्याच खाली करावे लागेल या धास्तीने कारागिरांनी अर्धे सामान बांधून ठेवले होते. वास्तविक, अंतिम सरकारजमा होण्यापूर्वी ताबा घेणे हा अपवाद असावा, नियम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ च्या निकालात म्हटले आहे.

हे न्यायाधिकरण दिल्लीत आहे. त्याच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, आणि ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे खंडपीठ) कोल्हापुरातच बसत असल्याने आमच्या भागातील माणसाला दुसरे अपील घराजवळ आणि पहिले मात्र दिल्लीत, असा उफराटा प्रकार झाला आहे. सर्किट बेंचसाठी आम्ही वकिलांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले, तेव्हा हा पेच आमच्याही ध्यानात आला नव्हता.

फसवणूक करणाऱ्याची मालमत्ता सुटावी, असे माझे म्हणणे नाही. ठेवी बुडालेल्यांना त्याच मालमत्तेतून पैसे परत देण्याची तरतूद या कायद्यात आहे. मागणी एवढीच, की प्रत्येक आदेशासोबत अपिलाची मुदत आणि पत्ता सांगणारे एक मराठी पान जोडावे, आणि न्यायाधिकरणाने वर्षातून काही दिवस कोल्हापुरात येऊन सुनावणी घ्यावी.

आपला,
एक वकील, कसबा बावडा, कोल्हापूर