आंतरलिंगी मुलांच्या पालकांची एकमेकांशी गाठ पडू द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जन्मतःच ज्यांचे शरीर स्त्री किंवा पुरुष अशा ठरावीक साच्यात बसत नाही, अशा व्यक्तींना आंतरलिंगी म्हणतात. २६ ऑक्टोबर हा आंतरलिंगी जागृती दिन. १९९६ साली याच दिवशी अमेरिकेतील बॉस्टन शहरात बालरोगतज्ज्ञांच्या अधिवेशनाबाहेर काही आंतरलिंगी व्यक्ती आणि त्यांना साथ देणारे पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी मानणारे) कार्यकर्ते फलक घेऊन उभे राहिले होते. लहानपणी संमतीशिवाय होणाऱ्या शस्त्रक्रियांना त्यांचा विरोध होता. आयुष्यभर 'असे आपण एकटेच' असे समजत आलेल्या माणसांना मुळात एकमेकांचा ठावठिकाणा लागला, हेच मला त्या घटनेत मोठे वाटते.

मी एकोणतीस वर्षे प्रसूती कक्षात परिचारिका होते. बाळ जन्मले की दाराबाहेरून 'काय झालं?' एवढाच प्रश्न येतो. काही वेळा मात्र बाळाच्या बाह्य अवयवांवरून त्याचे उत्तर देता येत नसे. अशा वेळी आम्ही बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायचो, आईला कोपऱ्यातली खाट द्यायचो आणि 'कुणाला सांगू नका' असे बजावायचो. हेतू वाईट नव्हता. पण वर्षभराच्या अंतराने शेजारशेजारच्या दोन तालुक्यांतील दोन आया अशाच बाळांना घेऊन घरी गेल्या, दोघींनाही मी ओळखत होते आणि तरीही त्यांची गाठ घालून द्यावी असे मला सुचले नाही, याची खंत आजही वाटते.

एरवी त्यांना पुष्कळ काही एकमेकींकडून कळले असते. अशा काही बाळांना मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा विकार असतो, शरीरातील मीठ घटून जिवावर बेतू शकते आणि औषध तातडीने सुरू करावे लागते. याउलट बाळ 'मुलासारखे' किंवा 'मुलीसारखे' दिसावे म्हणून करायच्या शस्त्रक्रियेला अशी घाई नसते, ते मूल मोठे होऊन स्वतः ठरवू शकते. घाबरलेल्या आईबापांना हा फरक एका भेटीत उमगत नाही. त्यात जन्मनोंद २१ दिवसांत करायची, नातेवाईक बारशाची तारीख विचारत असतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तमिळनाडूने २०१९ मध्ये, जिवाला धोका असल्याखेरीज, अर्भकांवर व बालकांवर अशा शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. मदुराईचे गोपी शंकर यांच्यासारखे कार्यकर्ते तिथे हा विषय सातत्याने मांडत आले आहेत.

तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या केंद्रीय कायद्याने आंतरलिंगी व्यक्तींना तृतीयपंथी व्यक्तींच्या व्याख्येतच घातले आहे. काहींना ते मान्य असेल. पण आंतरलिंगी व्यक्तींपैकी अनेक जण साधे स्त्री किंवा पुरुष म्हणून जगत असतात आणि त्या नावाच्या बैठकीला येणार नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी जागा हवी. जिल्हा रुग्णालयांतील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत, म्हणजे जन्मजात दोष असलेल्या मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या विभागांत, दुभंगलेल्या ओठांच्या किंवा वाकड्या पायांच्या मुलांचे पालक बाकावर बसल्या बसल्या एकमेकांना धीर देतात. तिथेच महिन्यातून एक दुपार या कुटुंबांसाठी आणि प्रौढ आंतरलिंगी व्यक्तींसाठी राखून ठेवता येईल. विषय काय घ्यायचा, कुणाला बोलवायचे, हे त्या प्रौढांनीच ठरवावे. आमच्यासारख्या परिचारिका, शिक्षक, आशाताई, वकील यांनी खोली मिळवावी, प्रवासखर्चाचे पाहावे आणि ऐकलेले बाहेर बोलू नये. छायाचित्रे नकोत, उद्घाटन नको, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना 'दाखवण्यासाठी' तर कुणालाही तिथे बोलावू नये. लहानपणी हे सोसलेली माणसे पुन्हा त्या दारात पाऊल ठेवणार नाहीत.

आशियातील आंतरलिंगी कार्यकर्ते २०१८ मध्ये बँकॉकला एकत्र आले आणि त्यातून त्यांची आशियाई संघटना उभी राहिली. आपल्याकडे निदान तालुक्या-तालुक्यांतल्या माणसांची तरी भेट व्हावी.

त्या दोन आयांपैकी एकीचा पत्ता माझ्या जुन्या वहीत अजून आहे. आपण होऊन तिला पत्र लिहिण्याचा अधिकार मला आहे का, हे मात्र मला अद्याप ठरवता आलेले नाही.

– एक निवृत्त परिचारिका, सोलापूर
(रुग्णांची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)