किरकोळ कारणावरून

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार

प्रिय दिल्या,

तुझं पत्र आणि सोबतचा अर्धवट लेख मिळाला. निवांत वाचायचा म्हणून सुट्टीच्या दिवसापर्यंत ठेवला होता, आज सकाळी चहा गार होईस्तोवर वाचत बसलो.

तुझा प्रश्न सरळ आहे. स्टँडवर, स्टेशनवर राहणाऱ्या पोरांमधली मारामारी, ब्लेडचे वार, पंक्चरच्या सोल्युशनची नशा हे आहे तसं लिहायचं, की त्यांची आधीच इतकी बदनामी झालीय म्हणून हात आखडता घ्यायचा? तुझ्या पुण्याच्या मित्रमंडळींत यावरून दोन तट पडलेत म्हणतोस. इथंही पडलेत, लेका. मध्यंतरी दसरा चौकात शाहू स्मारकला एक कार्यक्रम झाला. एका बाईंनी याच विषयावरचा लेख वाचला. चौदा वर्षांचं एक पोरगं, त्याच्याकडून रोज संध्याकाळी पैसे काढून घेणारा सतरा वर्षांचा दुसरा, आणि एका रात्री झालेला राडा. लेख चांगला होता. वाचन संपलं आणि एक निवृत्त प्राध्यापक उठले. म्हणाले, 'बाई, तुम्ही गरिबांच्या लेकरांना गुन्हेगार ठरवताय.' त्यांचं पुरतं बोलून होतंय तोवर मागच्या रांगेतून एक दुकानदार उभा राहिला. तो म्हणाला, 'बाई बरोबर बोलतात, यांना आत टाकलं पाहिजे. माझं शटर उचकटलंय या पोरांनी.' बाई बिचाऱ्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या, कारण यातलं काहीच त्यांनी लिहिलं नव्हतं. अध्यक्षांनी 'राजर्षी शाहूंच्या या नगरीत' असं म्हणून विषय मिटवला. आपल्याकडं कुठलाही विषय मिटवायचा असला की हेच वाक्य उपयोगी पडतं. ज्या राजानं १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड लावला, त्याचं नाव घेऊन दुपारच्या वेळी स्टँडवर बाटल्या वेचणाऱ्या पोरांचा विषय मिटतो, याचं मला नवल वाटतं.

मला प्राध्यापकांचं पटलं नाही. दुकानदाराचं पटायचा प्रश्नच नव्हता, पण प्राध्यापकांशी मनातल्या मनात भांडत मी घरापर्यंत चालत आलो. त्यांचा हेतू चांगला आहे. पण दिल्या, या पोरांच्या हातून सगळ्यात जास्त मार कोण खातं? तू नाही, मी नाही, दुकानदार तर नाहीच. त्यांच्यातलंच सगळ्यात बारकं पोरगं मार खातं. बदनामी नको म्हणून आपण मारामारी गाळली, तर मारणारा झाकला जातोच, पण मार खाणाराही गाळला जातो. आणि त्याच्या बाजूनं तक्रार करायला दुसरं कुणी नसतं.

आता आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवरची गोष्ट सांगतो, म्हणजे मी हे का म्हणतो ते कळेल. संध्याकाळी पोलिसांची प्रेस नोट येते. त्यात चार ओळी असतात. 'किरकोळ कारणावरून झालेल्या वादातून फिरस्त्यावर धारदार शस्त्राने वार.' पान सोडायची घाई असते, बातमी तशीच लागते. एरवी खून झाला की दुसऱ्या दिवशी नातेवाईक ऑफिसात येतात, फोटो आणतात, आमच्या पोराबद्दल असं का छापलंत म्हणून भांडतात, मोर्चा निघतो आणि बातमी आठवडाभर चालते. फिरस्त्याच्या बाबतीत भांडायला कुणीच येत नाही. त्यामुळं पोलिसांनी जे लिहिलं तेच पहिलं आणि तेच शेवटचं. साहजिकच त्या बातमीत पोरांनी एकमेकांना मारलेलं असतं, पण मोठ्या माणसांनी पोरांना मारलेलं कधीच नसतं. ते कोण कळवणार?

आणि ते 'किरकोळ कारण'! आमच्या धंद्यात ही ओळ हात आपोआप टाईप करतो. स्टँडजवळ चहाचा गाडा लावणाऱ्या एक आक्का आहेत, रात्रपाळी सुटली की मी तिथं थांबतो. एकदा अशीच बातमी छापून आलेली बघून त्यांनी मला विचारलं, 'किरकोळ म्हंजे काय वो? ते कोरड्या जाग्यावरनं भांडत हुते.' आपल्याकडचा जुलै तुला सांगायला नको. धरणक्षेत्रात कोसळायला लागला की पंचगंगा घाट सोडून वर येते आणि घाटावर झोपणारे सगळे शहरात कोरडी जागा शोधत फिरतात. कोरडी जागा म्हणजे फलाटाच्या मागची, छपराखालची एक चिंचोळी पट्टी, आणि तिथं आधीपासून कुणीतरी असतंच. ज्याला रात्रभर भिजून सकाळी तापानं फणफणत बाटल्या वेचायला जायचंय, त्याच्या हिशेबी ते कारण किरकोळ नसतं. शेतीच्या बांधावरून भावाभावांत डोकी फुटतात, तेव्हा आपण 'जमिनीच्या वादातून' असं व्यवस्थित लिहितो. इथंही वाद जागेचाच असतो.

आक्कांकडून आणखी एक समजलं. बारक्या पोरांनी आणलेल्या पुठ्ठ्याला आणि पत्र्याला भंगारवाला मोठ्या माणसापेक्षा कमी भाव देतो, वजनातही मारतो. म्हणून बारकी पोरं माल थोरल्याकडं देतात, थोरला भाव पाडू देत नाही, त्याबदल्यात आपला हिस्सा कापतो. रात्री दुसऱ्या टोळीची पोरं आली तर आडवाही तोच पडतो. मग एखाद्या दिवशी बारक्यानं परस्पर माल विकला की थोरला त्याला सगळ्यांसमोर तुडवतो. बाकीच्यांनी बघावं म्हणूनच. बाईंच्या लेखात पैसे काढून घेणारा तो सतरा वर्षांचा हाच. तो राक्षस नाही आणि संत तर नाहीच नाही, पण भंगारवाला काढून टाकला की तो नुसता राक्षसच उरतो. माझं म्हणणं एवढंच आहे. वार लिही, पण वाराच्या आधीचा हिशेब तितक्याच बारकाईनं लिही.

तू अमेरिकेतल्या पोर्टलंडचा दाखला दिलायस. तिथं २००३ साली रस्त्यावर राहणाऱ्या तरुणांच्या एका गटानं आपल्यातल्याच बावीस वर्षांच्या एका मुलीला ठार मारलं. तिथले असे गट स्वतःला 'कुटुंब' म्हणवत, त्यांच्यात कायदे आणि शिक्षा असत, आणि या गटाचा म्होरक्या आधी एका खुनासाठी तुरुंगात जाऊन आलेला होता. रेने डेनफेल्ड या लेखिकेनं २००७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. तू लिहितोस की एका गटाच्या कृत्यानं सगळ्या बेघर तरुणांना काळं फासलं जातं, हा आक्षेप तुला पटतो. मलाही थोडा पटतो. नियम सांगणारी, टोपणनावं घेणारी टोळी लेखकाला भुरळ घालते. शंभर पोरं नुसती उपाशी झोपतात त्यावर पुस्तक निघत नाही. पण मेलेली मुलगीही त्या गटातच राहत होती ना? तिची समज वयाच्या मानानं कमी होती, तिला घर होतं, जीव लावणारे आईवडील होते. तिच्याबद्दल लिहायचं तर तिला मारणाऱ्यांबद्दल लिहिल्यावाचून कसं लिहिणार?

आपल्याकडंही हा वाद नवा नाही. भाऊ पाध्यांची 'वासूनाका' ही कादंबरी १९६५ साली आली तेव्हा आचार्य अत्रे तिच्यावर तुटून पडले होते. नाक्यावरची ती पोरं बेघर नव्हती, चाळीतली होती, पण तेव्हाही भांडण झालं ते वाचणाऱ्याच्या सभ्यतेवरून. मग १९७२ ला 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. नामदेव ढसाळ मुंबईतल्या त्याच नावाच्या वस्तीत वाढलेला, त्याला कुणाची परवानगी नको होती. विजय तेंडुलकर प्रस्तावना लिहिण्यापूर्वी त्याच्याबरोबर रात्री तिथं हिंडून आले होते. तू लेख लिहिण्यापूर्वी स्टँडवर कितीदा गेलास ते तुझ्या लेखावरून कळत नाही. चिडू नकोस.

लिहिलेल्याचा परिणाम होत नाही असं मानणाराही मी नाही. २०१२ च्या दिल्लीच्या निर्भया प्रकरणातला अल्पवयीन आरोपी आठवतो? सगळ्यांत क्रूर तोच, असं किती ठिकाणी छापून आलं. तो २० डिसेंबर २०१५ ला सुटला आणि दोनच दिवसांत राज्यसभेनं बाल न्यायाचं नवं विधेयक मंजूर केलं. निर्घृण गुन्ह्यांत सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर प्रौढांसारखा खटला चालवायची वाट त्यातून उघडली. तो कायदा बरा की वाईट यावर आपण समोरासमोर भांडू. पण ती वाट सगळ्याच पोरांसाठी उघडली, आणि ज्याला वकील परवडत नाही ते पोरगं त्या वाटेवर पहिलं ढकललं जाणार, एवढं तरी मान्य करशील.

त्याच कायद्यात कलम ७४ आहे, आणि हे तुला फार जपून सांगतो. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. आरोपी मुलाचं नाही, तसंच पीडित मुलाचंही नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तू नाव बदललंस ते ठीक, पण गावाचं नाव ठेवलंस, शाळेचंही ठेवलंस, वर डाव्या हातावरचं गोंदण सविस्तर रंगवलंस. अख्खा तालुका ओळखेल त्याला. ते तिन्ही काढ. संपादक म्हणेल की तपशिलाशिवाय लेख उघडा पडतो. त्याला सांग, तपशील भंगाराच्या भावात आहे, गोंदणात नाही.

तुझ्या तिसऱ्या पानाबद्दल. ब्लेडचा प्रसंग अर्धं पान चाललाय. रक्त, दिव्याचा उजेड, पुन्हा रक्त. हात तुझा चांगला आहे हे मला शाळेपासून माहीत आहे, पण तिथं तू पोरांकडं बघत नाहीयेस, स्वतःच्या वाक्याकडं बघतोयस. दोन ओळी पुरतील. आणि त्याच पानावर पोरं रुमालावर सोल्युशन घेऊन हुंगतात असं येतं, पण ते त्यांना विकतं कोण याची एक ओळ नाही. पंक्चर काढायला लागणारी ट्यूब पोरगं रोज विकत घेतं, तेव्हा दुकानदाराला कळत नाही होय? मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला याच कायद्यात कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. तो दुकानदार तुझ्या लेखात आला पाहिजे. पोरं हुंगतात ते भूक आणि थंडी कळू नये म्हणून, हेही यायला हवं, पण दया म्हणून नको, नुसती माहिती म्हणून येऊ दे.

अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींचं प्रकरण आपण कॉलेजात असताना उघडकीला आलं, १९९६ साली. अख्खं कोल्हापूर पेटलं होतं. तेरा मुलांच्या अपहरणाचा आणि त्यातल्या काहींच्या खुनाचा तो खटला इथंच चालला, २००१ ला दोघी बहिणींना फाशीची शिक्षा झाली, आणि दयेचा अर्ज निकाली काढायला लागलेल्या उशिरापायी २०२२ च्या जानेवारीत उच्च न्यायालयानं तिची जन्मठेप केली. त्या दिवशी पान लावताना आमच्या डेस्कवर तिघींची नावं तोंडपाठ होती, त्यांनी काय केलं तेही पाठ होतं. त्या मुलांबद्दल, ती कुणाची होती आणि हरवली तेव्हा त्यांच्या आयांची तक्रार कुणी कितपत मनावर घेतली, याबद्दल कुणालाच दोन वाक्यं सांगता येईनात. तीस वर्षं आपण सगळ्यांनी क्रौर्य इतकं लिहिलं की त्याखाली पोरं दिसेनाशी झाली. प्राध्यापकांची भीती इथं खरी ठरते, हे मी मान्य करतो. पण त्यावर उपाय कमी लिहिणं हा नव्हे.

तेव्हा लेख सोडू नकोस. दिवाळीच्या आधी चार दिवस ये, माझ्याकडंच उतर, रात्री आक्कांच्या गाड्यावर जाऊन बसू. वही खिशातच ठेव, पोरं वही बघून गप्प होतात किंवा भलतंच रंगवून सांगतात, दोन्ही आपल्या कामाचं नाही. पोरांना चहा पाज, पण पैसे देऊन गोष्टी काढून घेऊ नकोस. आणि तिथं एखादं बारकं पोरगं अडचणीत दिसलं तर लेख राहू दे, आधी १०९८ ला फोन लाव. मुंबईत १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकारानं तो नंबर सुरू झाला, तो मुळात अशाच मुलांसाठी.

सुधारलेला मसुदा छापायला देण्यापूर्वी मला पाठव. कलम ७४ च्या नजरेनं एकदा वाचतो, शुद्धलेखनही बघतो, कारण तुझे ऱ्हस्व-दीर्घ अजून सातवीतलेच आहेत. वहिनींना नमस्कार सांग. काकींचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते कळव, मी रजा टाकून येईन.

तुझा,
संभा