गाळ काढलात, आता तुडूम आणि चाऱ्यांकडेही पाहा

माननीय मृद व जलसंधारण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्यातला धानाचा शेतकरी. आमच्याकडे पाऊस कमी नाही, वर्षाला 1300 मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण जुलैत रोवणी उरकते आणि धान गर्भावर आला की नेमकी उघडीप पडते. तेव्हा एक पाणी मिळालं तर पीक हाती येतं, नाहीतर लोंबी पोचट. मालगुजारी तलाव या एका पाण्यासाठीच आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने ते बांधले आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ते आजही हजारोंनी आहेत.

1950-51 मध्ये मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले. त्याआधी गावाचा पाणकर असायचा. तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, तोच उघडायचा; कोणाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाणी कधी जाईल हे तोच ठरवायचा. आज आमच्या तलावाचं दार गंजलंय, चारीत बेशरमाची झुडपं माजलीत आणि पाणी सोडायला नेमलेला माणूस नाही. वरच्या बांध्या तुडुंब भरतात, शेवटच्या धुऱ्यापर्यंत थेंब पोचत नाही.

2017 पासून आपल्या शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना राबवली. ती आम्हाला हवीच आहे. पण पोकलेनने तुडुमाच्या पातळीखाली खड्डा केला, तर त्यात साठलेलं पाणी चारीत येतच नाही. ते मासळीला आणि भोवतालच्या विहिरींना उपयोगी पडतं, धानाला नाही. शिवारात पाणी पोचवायचं असेल तर पाळ (तलावाचा बांध), सलंग (जादा पाण्याचा सांडवा), तुडूम आणि चारी ही सगळी एकत्र दुरुस्त व्हायला हवीत.

दुरुस्तीनंतर तलाव पाणी वापर संस्थेकडे द्या, आधी नको. मोडकी चारी गळ्यात मारली तर संस्था कागदावरच राहते. 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात शीर्ष, मध्य आणि पुच्छ भागातल्या शेतकऱ्यांना संचालक मंडळात सारखं स्थान आहे, पाणी मोजून देण्याची तरतूद आहे. हेच तत्त्व आमच्या लहान तलावांना लावा. पाण्याची पाळी शेवटच्या बांधीपासून सुरू होऊ द्या. पाणकराचं मानधन मंजूर करा. आणि तलावात मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांना विचारल्याशिवाय पाण्याची किमान पातळी ठरवू नका. तलाव आटवला तर त्यांचं वर्ष जातं.

गोसीखुर्द या मोठ्या धरणाची पायाभरणी 1988 ची. 2008 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, तरी कामं अजून संपलेली नाहीत. तो पूर्ण व्हावा असं आम्हालाही वाटतं. पण बांधून तयार असलेल्या तलावांनी त्याची वाट का पाहावी?

येत्या उन्हाळ्याच्या अंदाजपत्रकात गाळाच्या घनमीटरसोबत तुडूम, सलंग आणि चारीच्या दुरुस्तीची रक्कम वेगळी दाखवावी, आणि आदेश फेब्रुवारीपर्यंत निघावेत. मे महिन्यात निघालेल्या आदेशावर काम सुरू होईपर्यंत पाऊस येतो.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी
जिल्हा भंडारा