सावंतवाडीकरांनो, मनापासून आभार!
परवा मोती तलावाच्या काठावर आईला भोवळ आली. तिला धरून बसवणारे काका, धावत जाऊन शहाळं आणणारा पोरगा आणि भाडं घ्यायला साफ नकार देणारे रिक्षावाले दादा, तुमची नावं कळली नाहीत, पण उपकार लक्षात आहेत.

चितार आळीतल्या ताईंचं तर काय सांगू! आईला पंख्याखाली बसवून त्यांनी दशावतारी गंजिफाचे गोल पत्ते एकेक करून तिच्या हातात दिले. दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पत्ते. मत्स्य, कूर्म, वराह... वामनापर्यंत आईचा चेहरा खुलला होता. निघताना लाकडी आंबे, केळीही घेतली, तीही घासाघीस न करता (आमच्या घरात हे नवलच!).

राजवाडा पाहायचा राहिलाय. दिवाळीनंतर येतोय, तेव्हा चहा आमच्याकडून.