जुन्या कंट्रोलर कार्डाचा पूर्ण वेग मिळवून देणाऱ्या सरांना आभारपत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेची, कॅसेटींवरून संगणकावर उतरवून घेतलेली ध्वनिमुद्रणे ज्या 120 जीबीच्या आयडीई (चपट्या, रुंद केबलने जोडल्या जाणाऱ्या जुन्या प्रकारच्या) हार्ड डिस्कवर होती, ती डिस्क आता शेवटपर्यंत वाचून झाली असून सर्व फायली उघडून, ऐकून तपासल्या आहेत. फोनवर आभार मानलेच होते, परंतु आपण जे समजावून सांगितले ते अशाच जुन्या कार्डांवर काम करणाऱ्या इतरांच्याही उपयोगाचे आहे, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

वेगाचा आमचा आग्रह हौसेचा नव्हता. त्या डिस्कच्या बेअरिंगचा आवाज खोलीबाहेर ऐकू येऊ लागला होता आणि ती आणखी किती तास फिरेल याचा भरवसा उरला नव्हता. सेकंदाला 4 एमबी या गतीने 120 जीबी वाचायला आठ तासांहून अधिक वेळ लागतो. तीच गती 40 एमबी झाली तर काम पाऊण-एक तासात आटोपते. ही डिस्क संगणकाला जोडणाऱ्या आमच्या प्रॉमिस अल्ट्रा133 टीएक्स2 या कंट्रोलर कार्डाच्या नावातच सेकंदाला 133 एमबी सुचवणारा आकडा असताना आम्हाला 4 एमबी मिळत होते, आणि ज्यांना विचारले त्यांनी कार्ड निकामी झाल्याचे सांगून नवे घेण्याचा सल्ला दिला. आपण मात्र कार्डाबद्दल काहीही न विचारता आधी केबल किती लांब आहे, असे विचारलेत.

टेप लावून मोजली तेव्हा ती 24 इंच भरली. केबल 80 तारांचीच होती, परंतु या जोडणीच्या मानकानुसार कमाल लांबी 18 इंच आहे. 80 तारांपैकी 40 तारा संकेतांच्या तारांमध्ये एकाआड एक बसवलेल्या केवळ ग्राउंडच्या तारा असतात आणि त्यामुळे शेजारच्या तारेतील संकेताची ढवळाढवळ रोखली जाते. लांबी वाढली की हे संरक्षण अपुरे पडते, हे आपण किती सोपे करून सांगितलेत! दुकानात जास्त लांबीच्या केबल सर्रास विकल्या जात असल्याने ही शंका आमच्यापैकी कोणाच्याही मनात आली नव्हती.

त्यानंतर आपण लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे त्या संगणकप्रणालीच्या गाभ्याचा, संदेशलेख उघडायला लावलात. अल्ट्रा डीएमए (यूडीएमए) या माहिती वाहून नेण्याच्या वेगवान पद्धतीत प्रत्येक हप्त्याच्या शेवटी सीआरसी हा चूक पकडणारा पडताळणीचा आकडा तपासला जातो, तो जुळला नाही तर तेवढी माहिती पुन्हा मागवली जाते, आणि चुका वारंवार होऊ लागल्या की कर्नल स्वतःहून वेग उतरवते. ‘लिमिटिंग स्पीड टू यूडीएमए/33’ ही ओळ आणि तिच्या खाली थेट पीआयओ या जुन्या, संथ पद्धतीवर झालेली घसरण आम्ही डोळ्यांनी पाहिली. डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींतील 199 क्रमांकाची, म्हणजे सीआरसी चुकांची संख्याही वाढत चालली होती. केबल न बदलता नुसता संगणक पुन्हा सुरू केला असता तर थोडा वेळ वेग मिळाला असता आणि पुन्हा घसरला असता. यासाठीच आपण आधी केबल आणि मग बाकी सारे, हा क्रम आग्रहाने पाळायला लावलात. माझ्या मते आपल्या साऱ्या मदतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची होती.

आमच्याकडे असलेली दुसरी, आखूड केबल चालेल का, या प्रश्नावर आपण तारा मोजायला सांगितले. त्या 40 निघाल्या. अशी केबल लावली की कार्ड 34 क्रमांकाच्या पिनवरून ते ओळखते आणि वेग 33 एमबीपुरताच राखते. शेवटी आपण स्वतःच्या संग्रहातील 18 इंची केबल एस.टी.च्या पार्सलने पाठवलीत. निळे टोक कार्डाला, काळे टोक डिस्कला आणि मधले राखाडी टोक रिकामे, असे सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते, तसेच लावले.

डिस्क लगेच यूडीएमएच्या 100 च्या पातळीवर आली आणि वाचनाची गती सेकंदाला पन्नास एमबीच्या आसपास दिसू लागली. 100 किंवा 133 हे जोडणीचे कमाल आकडे आहेत, प्रत्यक्षात तबकडीवरून जितके निघते तितकेच मिळणार, आणि आतल्या कडेकडे जाताना तेही निम्म्यावर येऊ शकते, हे आपण आधीच सांगून ठेवल्यामुळे पुढे गती उतरताना कोणी घाबरले नाही. ज्या डिस्कवर प्रत घ्यायची ती पूर्वी याच केबलवर स्लेव्ह, म्हणजे दुसरी डिस्क, म्हणून होती. एका केबलवर एका वेळी एकच डिस्क बोलू शकत असल्याने आपण ती कार्डाच्या दुसऱ्या चॅनेलवर (स्वतंत्र केबलच्या जोडणीवर) हलवायला सांगितलेत, आणि वाचन व लेखन एकमेकांसाठी ताटकळणे थांबले. 199 ची संख्या मागे जात नाही, परंतु काम पूर्ण होईपर्यंत ती एका अंकानेही पुढे सरकली नाही.

जी व्याख्याने आता फक्त याच मुद्रणांत उरली आहेत, ती सुखरूप राहिल्याबद्दल वाचनालयाचे सर्व सभासद आपले मनःपूर्वक आभारी आहेत. अशाच दोन डिस्क अजून कपाटात असून त्यांचे कामही याच कार्डावर, याच केबलने करण्याचा विचार आहे. त्यानंतर केबल आपल्याकडे परत पाठवावी की येथेच ठेवावी, ते कृपया कळवावे.

आपला कृतज्ञ,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता